दस्तरखानावरचे इंग्रजी : 'मच' कुठे आणि 'मेनी' कुठे?

मराठीत 'किती' हा एकच शब्द सगळीकडे चालतो. किती दूध, किती साखर, किती अंडी, किती केळी. वस्तू बदलली तरी 'किती' बदलत नाही. इंग्रजीत मात्र या एका शब्दाचे दोन होतात. दूध आणि साखर यांच्यासाठी 'हाउ मच', अंडी आणि केळी यांच्यासाठी 'हाउ मेनी'. आमच्या वर्गातील मुलांची गाडी नेमकी इथे अडते. 'मेनी राइस', 'मच एग्ज', 'टू ब्रेड्स' अशी उत्तरे आम्ही वर्षानुवर्षे तपासत आलो आहोत. हुशार मुलेही यातून सुटत नाहीत.

आपल्या राज्यात मराठी आणि उर्दू माध्यमाच्या शाळांतही २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. म्हणजे दहावीपर्यंत मूल दहा वर्षे इंग्रजी शिकते. तरीही ही चूक का राहते? आमच्या मते कारण साधे आहे. नियम पुस्तकातून पाठ होतो, पण तो ज्या वस्तूंवर चालवायचा त्या वस्तू वर्गात नसतात. त्या घरात असतात, आपल्या बावर्चीखान्यात, डब्यांत आणि बरण्यांत.

पालकसभेला येणाऱ्या अनेक माता आम्हाला म्हणतात, "सर, आम्हाला कुठे इंग्रजी येते? आम्ही मुलांना काय शिकवणार?" असे म्हणताना त्या मुलांच्या शिक्षणातून स्वतःला बाजूला काढून घेतात. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. या एका धड्यात तरी आईला जे माहीत आहे तेच मुलाला हवे आहे, हे आम्हाला दाखवायचे आहे.

मोजायचे की मापायचे?

आपण अंडी मोजतो, दूध मापतो. केळी मोजतो, तेल मापतो. लिंबे मोजतो, पीठ मापतो. मराठीत ही दोन क्रियापदे वेगवेगळी आहेत आणि कोणतीही गृहिणी ती एकमेकांच्या जागी वापरत नाही. इंग्रजीचा सगळा नियम या दोन शब्दांत बसतो. 'मेनी' म्हणजे मोजायचे, 'मच' म्हणजे मापायचे. व्याकरणाच्या पुस्तकात यांनाच 'काउंटेबल' आणि 'अनकाउंटेबल' म्हणतात. ही नावे मुलाला नंतर कळली तरी चालतील. आधी 'मेनी-मोजा, मच-मापा' एवढे तोंडी बसू द्या.

ज्या घरांत उर्दू किंवा दखनी बोलली जाते, त्या मुलांकडे आणखी एक शिदोरी असते. उर्दूत 'कितना दूध' आणि 'कितने अंडे' असा फरक आपण करतोच. दूध एकवचनी, अंडे अनेकवचनी. 'कितना' तिथे बहुधा 'मच' आणि 'कितने' तिथे बहुधा 'मेनी', असे सांगितले की मुलाच्या डोक्यात पटकन प्रकाश पडतो. पण 'बहुधा' हा शब्द महत्त्वाचा आहे. त्याचे कारण पुढे येते.

तांदळाची अडचण

उर्दूत आपण 'कितने चावल' म्हणतो, 'चावल पक गए' म्हणतो. मराठीत 'तांदूळ निवडले', 'गहू दळून आणले', 'पोहे भिजवले' म्हणतो. ही सगळी अनेकवचने आहेत. इंग्रजीत मात्र 'राइस' आणि 'व्हीट' हे मापायचे शब्द आहेत आणि ते नेहमी एकवचनात राहतात. 'द राइस इज रेडी' बरोबर, 'द राइस आर रेडी' चूक. 'हाउ मच राइस' बरोबर, 'हाउ मेनी राइस' चूक.

म्हणून मूल 'मेनी राइस' म्हणते तेव्हा ते बेफिकीर नसते. ते आपल्या मातृभाषेशी इमान राखून बोलत असते. अशा वेळी हसू नये, 'एवढेही येत नाही का?' म्हणू नये. दोन भाषा एकच वस्तू वेगळ्या नजरेने पाहतात, एवढे सांगावे.

ही दुसरी नजर आपल्याकडेही आहे. 'शितावरून भाताची परीक्षा' ही म्हण आपण सगळे वापरतो. शीत मोजता येते : एक शीत, दोन शिते. भात मोजता येत नाही. तो वाटीने, ताटाने घ्यावा लागतो. इंग्रजीचा 'राइस' हा आपल्या 'भाता'सारखा चालतो. कच्चा असो वा शिजलेला, दाणा दाखवायचा असेल तर 'अ ग्रेन ऑफ राइस' म्हणावे लागते.

अरबी शिकणाऱ्या मुलांना तर हे आणखी सोपे जाईल. अरबीत 'तम्र' म्हणजे खजूर, एकूण खजूर या जिन्नसाचे नाव. त्यातला एक दाणा म्हणायचा तर शब्दाला शेपूट जोडून 'तम्रा' म्हणतात. सफरचंदाचेही तसेच : 'तुफ्फाह' म्हणजे सफरचंद हे फळ, 'तुफ्फाहा' म्हणजे एक सफरचंद. तिथे रास आधी आणि नग नंतर. इंग्रजीत उलट आहे. 'डेट' म्हणजे एक खजूर आणि 'डेट्स' म्हणजे अनेक. वस्तू तीच, इफ्तारच्या ताटातली. तिला मोजायचे की मापायचे हे भाषा ठरवते.

चिमटीची परीक्षा

मग मुलाने ओळखायचे कसे? आम्ही वर्गात एक सोपी परीक्षा देतो. ती वस्तू चिमटीत एकच उचलून खाता येते का? बदाम, खजूर, द्राक्ष, काजू, वाटाणा, छोला एकेक उचलून खाता येतो. म्हणून आमंड्स, डेट्स, ग्रेप्स, कॅश्यूज, पीज, चिकपीज ही सगळी 'मेनी'ची मंडळी. साखर, मीठ, रवा, मैदा, हळद यांचा एक कण कोणी मोजून खात नाही. ती 'मच'ची मंडळी. दूध, तेल, तूप, मध, ताक यांना तर चिमटीत धरताच येत नाही. तीही 'मच'चीच.

दहापैकी आठ वेळा ही परीक्षा खरे बोलते. उरलेल्या वेळी इंग्रजी हट्ट करते, आणि ते शब्द पाठच करावे लागतात. 'गार्लिक' म्हणजे लसूण मोजत नाहीत, त्याची पाकळी मोजतात : 'थ्री क्लोव्ह्ज ऑफ गार्लिक'. आले, कोथिंबीर, पुदिना यांचेही तसेच. ओनियन मात्र मोजतात. 'ब्रेड' मोजत नाहीत, त्याचे काप मोजतात : 'टू स्लाइसेस ऑफ ब्रेड'. आपण 'दोन पाव द्या' म्हणतो म्हणून मूल 'टू ब्रेड्स' लिहिते, पण इंग्रजीला ते चालत नाही. 'व्हीट' आणि 'कॉर्न' मापायचे, पण 'ओट्स' आणि 'लेन्टिल्स', म्हणजे मसुरीसारखी कडधान्ये, अनेकवचनी. 'फ्रूट' सहसा एकवचनात : 'सम फ्रूट'. वेगवेगळ्या जातींची फळे म्हणायची असतील तरच 'फ्रूट्स'. 'व्हेजिटेबल्स' मात्र मोजायच्या.

हा हट्ट इंग्रज लोकांनाही गोंधळात टाकत आला आहे. वाटाण्याला जुन्या इंग्रजीत 'पीज' असा एकवचनी शब्द होता आणि तो 'राइस'सारखाच मापायचा शब्द होता. पण त्याच्या शेवटी 'ज' ऐकू येतो. अनेकवचनाच्या शेवटीही तसाच आवाज येतो. लोकांना वाटले, 'पीज' म्हणजे अनेक वाटाणे, मग एक वाटाणा म्हणजे 'पी'. सतराव्या शतकापर्यंत हा नवा 'पी' भाषेत रुळला. जुना शब्द 'पीज पुडिंग' या वाटाण्याच्या पदार्थाच्या नावात तेवढा राहिला आहे. म्हणजे मापायचा शब्द लोकांच्या वापरातून मोजायचा झाला. आपली मुले चुकतात ती याच वाटेवर चुकतात.

सुरी फिरली की शब्द बदलतो

काही शब्द दोन्ही घरचे असतात. 'अ चिकन' म्हणजे अख्खी कोंबडी, 'सम चिकन' म्हणजे कोंबडीचे गोश्त. मुलगा शाळेत 'आय एट अ चिकन' म्हणाला तर त्याचा अर्थ त्याने अख्खी कोंबडी फस्त केली असा होतो. 'टू ओनियन्स' म्हणजे दोन अख्खे कांदे. चिरून ताटलीत पडले की 'सम चॉप्ड ओनियन'. 'अ वॉटरमेलन' म्हणजे अख्खे कलिंगड, फोडी केल्या की 'सम वॉटरमेलन'. 'अ केक' आणि 'सम केक' यांतही तोच फरक. अख्खे असताना मोजा, सुरी फिरली की मापा.

'मीट' आणि 'मटण' मात्र कायम मापायचे. बकरीदला आपल्याकडे गोश्ताचे तीन हिस्से करण्याची रीत आहे. हे इंग्रजीत सांगायचे तर 'थ्री मीट्स' नव्हे, 'थ्री शेअर्स ऑफ मीट'. गोश्त मोजले जात नाही, हिस्से मोजले जातात.

भांडे मध्ये आणा

मापायच्या वस्तूला संख्या लावायची असेल तर मध्ये भांडे, माप किंवा तुकडा आणावा लागतो. ही युक्ती आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. चिमूटभर मीठ, मूठभर शेंगदाणे, वाटीभर डाळ, कोथिंबिरीची जुडी, आल्याचा तुकडा. इंग्रजीत हेच 'अ पिंच ऑफ सॉल्ट', 'अ हँडफुल ऑफ पीनट्स', 'अ बोल ऑफ डाळ', 'अ बंच ऑफ कोरिअँडर', 'अ पीस ऑफ जिंजर' असे होते.

इथे दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. पहिली, मराठीत 'दोन किलो तांदूळ' म्हणताना मध्ये काहीच येत नाही, म्हणून मूल 'टू किलो राइस' लिहिते. इंग्रजीत 'टू किलोज ऑफ राइस' लिहावे. किलोला अनेकवचन आणि मध्ये 'ऑफ'. दुसरी, डझन या नियमाला अपवाद आहे. 'अ डझन एग्ज', 'टू डझन बनानाज'. इथे 'ऑफ'ही नाही आणि डझनाचे अनेकवचनही नाही.

'अ' असला तर आहे, 'अ' नसला तर नाही

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. 'थोडे' म्हणण्यासाठी इंग्रजीत मोजायच्या वस्तूंना 'अ फ्यू' आणि मापायच्या वस्तूंना 'अ लिटल' लागतो. 'अ फ्यू डेट्स', 'अ लिटल मिल्क'. पण त्या सुरुवातीच्या छोट्या 'अ'ने अर्थ उलटतो. 'वी हॅव अ लिटल मिल्क' म्हणजे थोडे दूध आहे, चहा होईल. 'वी हॅव लिटल मिल्क' म्हणजे दूध जवळजवळ संपले, आणायला हवे. 'अ फ्यू' आणि 'फ्यू' यांतही असेच. आम्ही मुलांना सांगतो, 'अ' म्हणजे 'आहे'. 'अ' आला तर आहे, 'अ' गेला तर नाही.

हा फरक केवळ एका गुणाचा नाही. आपल्याकडची अनेक मुले पुढे आखाती देशांत किंवा मुंबई-पुण्यात हॉटेलच्या कामाला लागतात. तिथे 'देअर आर फ्यू टोमॅटोज' असा निरोप आला तर टोमॅटो मागवायचे असतात. 'देअर आर अ फ्यू टोमॅटोज' असा आला तर आजचे भागणार असते. निरोप उलटा समजला तर बोलणी खावी लागतात.

घरातही हा प्रसंग येतो. दवाखान्यातून आणलेला इंग्रजी कागद वाचून दाखवण्याचे काम बहुतेक घरांत आठवी-नववीच्या मुलाकडेच येते. दादीला रक्तदाब आहे आणि आहाराच्या कागदावर 'लिटल सॉल्ट' लिहिले आहे. त्याचा अर्थ 'मीठ अगदी नाममात्र' असा आहे. 'अ लिटल सॉल्ट' असते तर 'थोडे मीठ चालेल' असा झाला असता. पण आपल्याकडे लिहिणारेही कधी कधी घाईत 'अ' गाळतात. म्हणून औषध-पथ्याच्या बाबतीत मुलाने अर्थ सांगितला तरी किती मीठ चालेल हे डॉक्टरांना चमच्याच्या मापात विचारून घ्यावे. भाषेचे ज्ञान असले की नेमका प्रश्न विचारता येतो, हा त्याचा खरा फायदा.

बाजारात आणि मेहमानांसमोर

बाजारात एक वेगळाच पेच येतो. 'हाउ मेनी बनानाज?' म्हणजे केळी किती नग. पण 'हाउ मच आर द बनानाज?' म्हणजे केळ्यांची किंमत काय. केळी मोजायची असली तरी किमतीला नेहमी 'मच'च लागतो, कारण तिथे आपण पैशाविषयी विचारत असतो आणि इंग्रजीत 'मनी' हा मापायचा शब्द आहे. रुपये मोजतात, 'मनी' मोजत नाहीत.

मेहमाननवाजीलाही इंग्रजीत वेगळा शब्द आहे. प्रश्नात सहसा 'एनी' येतो : 'इज देअर एनी शुगर?' पण पाहुण्याला विचारताना 'वुड यू लाइक सम टी?' असे 'सम' वापरावे. 'सम'मध्ये 'घ्याच' असा आग्रह आहे, समोरून 'हो' येईल अशी अपेक्षा आहे.

मुलाला बोलता बोलता 'मच' की 'मेनी' सुचले नाही तर त्याने थांबू नये. 'सम', 'अ लॉट ऑफ', 'प्लेंटी ऑफ' आणि 'इनफ' हे चार शब्द दोन्हीकडे चालतात. 'अ लॉट ऑफ राइस', 'अ लॉट ऑफ एग्ज'. साध्या होकारार्थी वाक्यात तर 'मच राइस'पेक्षा 'अ लॉट ऑफ राइस' हेच अधिक सहज वाटते.

'कमी' म्हणताना नियम असा आहे की मापायच्या वस्तूंना 'लेस' आणि मोजायच्या वस्तूंना 'फ्यूअर' : 'लेस ऑइल', 'फ्यूअर चिलीज'. ब्रिटनच्या मोठ्या दुकानांत मात्र 'दहा वस्तू किंवा कमी' असलेल्या गिऱ्हाइकांच्या रांगेवर 'लेस'च लिहिलेले असायचे. त्यावर भाषाप्रेमींनी इतकी तक्रार केली की २००८ साली टेस्को या कंपनीने ती पाटी बदलून 'अप टु टेन आयटेम्स' असे लिहायचे ठरवले. इंग्रजांच्या देशातही हा वाद चालतो, हे मुलांना जरूर सांगा. त्यांची भीती कमी होते.

शीरखुर्म्याचा धडा

ईदच्या आधी घरात हा धडा जरूर घ्या. शीर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर, दोन्ही शब्द फारसी. म्हणजे या पदार्थाच्या नावातच एक मापायची वस्तू आहे आणि एक मोजायची. मुलाने वही घेऊन बसावे, आईने मराठीत किंवा उर्दूत सांगावे आणि मुलाने इंग्रजीत लिहावे :

दूध एक लिटर : वन लिटर ऑफ मिल्क.
शेवया एक कप : अ कप ऑफ व्हर्मिसेली.
साखर अर्धा कप : हाफ अ कप ऑफ शुगर.
तूप दोन मोठे चमचे : टू टेबलस्पून्स ऑफ घी.
खजूर दहा : टेन डेट्स.
बदाम वीस : ट्वेंटी आमंड्स.
पिस्ते थोडे : अ फ्यू पिस्ताशिओज.
वेलदोडे चार : फोर कार्डमम पॉड्स.

वेलदोड्याकडे पाहा. 'कार्डमम' हा मसाला म्हणून मापायचा, म्हणून मोजण्यासाठी 'पॉड्स' हा शब्द जोडावा लागला. लिहून झाल्यावर आईने फक्त एक प्रश्न विचारावा, "यातले मोजले काय आणि मापले काय?" मुलाचे उत्तर बरोबर आहे की नाही हे आईला इंग्रजी न येताही बहुतेक वेळा कळेल.

रोजच्यासाठी याहून सोपे काम आहे. एक कोरा कागद घ्यावा, मध्ये रेघ मारावी. एका बाजूला 'मोजा', दुसऱ्या बाजूला 'मापा' लिहून तो बावर्चीखान्याच्या भिंतीला लावावा. किराणा आला की प्रत्येक वस्तू कुठे जाईल हे आधी आईने सांगावे, मग मुलाने तिचे इंग्रजी नाव त्या बाजूला लिहावे. तांदूळ, पाव, लसूण, फळे अशा शब्दांवर दोघांचे जमणार नाही. तेव्हा मुलाने शब्दकोश उघडावा. ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजच्या विद्यार्थ्यांसाठीच्या शब्दकोशात नामापुढे कंसात एक इंग्रजी अक्षर छापलेले असते. 'सी' असेल तर ती वस्तू मोजायची, 'यू' असेल तर मापायची. शब्दाला दोन्ही अक्षरे असतील तर तो सुरीने बदलणाऱ्या शब्दांपैकी आहे, असे समजून तो रेघेवरच लिहावा.

एका महिन्यात त्या कागदावर चाळीस-पन्नास शब्द सहज होतील. एवढे शब्द शाळेच्या एका धड्यात कधीच येत नाहीत. आणि ते शिकवणाऱ्यांत आईही असेल.